पश्चात्तापाची कसोटी

गेल्या पावसाळ्यात मी दोन जुन्या रशियन कादंबऱ्या लागोपाठ पुन्हा वाचल्या. एक डोस्टोव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) आणि दुसरी टॉलस्टॉयची 'रिझरेक्शन' (१८९९). दोन्ही प्रथम वाचल्या त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्या वेळी माझा कौल निःशंकपणे टॉलस्टॉयच्या बाजूने पडला होता. डोस्टोव्हस्की मला तापात बरळणाऱ्या माणसासारखा वाटला होता. टॉलस्टॉय कसा स्वच्छ आणि खणखणीत! या खेपेस तो कौल टिकला नाही. तो का टिकला नाही याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडण्याचा विचार आहे.

दोन्ही कादंबऱ्यांपुढचा प्रश्न एकच आहे: एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा घोर अपराध घडला, आता त्याने काय करावे? दोन्हींचा शेवट सैबेरियात होतो. दोन्हींच्या अखेरच्या पानांवर पुस्तकही एकच आहे, बायबलचा नवा करार. एका कादंबरीत ते उघडून वाचले जाते, नियम म्हणून स्वीकारले जाते. दुसरीत ते उशाखालून हातात येते, पण मिटलेलेच राहते. जे उघडते त्यापेक्षा जे मिटलेले राहते ते पुस्तक मला अधिक खरे का वाटावे?

मी ख्रिस्ती नाही. तरी ख्रिस्ती पश्चात्तापाची कल्पना समजून घेतल्याखेरीज या कादंबऱ्यांच्या गाभ्याला हात लागत नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी. आपल्याकडे 'प्रायश्चित्त' आहे. त्याला माप असते आणि शेवट असतो. अमुक दिवस उपवास, अमुक दान. ते पुरे झाले की माणूस मोकळा. 'पश्चात्ताप' या शब्दात मागाहून होणारी जळजळ आहे. तिला माप नाही आणि दिशाही नाही. नव्या करारातल्या ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी आपण हा शब्द वापरतो, त्या 'मेटानोइया'चा रोख जळजळीपेक्षा मन पालटण्यावर आहे. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचा अर्थ तर सरळ 'मागे फिरणे' असा आहे. चुकलेल्या वाटेने रडत पुढे जाणारा माणूस पश्चात्तापी नव्हे. जो वळला तो पश्चात्तापी.

वळला की नाही हे कशावरून ओळखायचे? लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो आपल्या मनाची तळमळ सांगत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवून घेतले असेल त्याला चौपट परत करीन म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात तर याहून कडक क्रम सांगितला आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाकडे जाऊन समेट करावा आणि मग देवाकडे यावे. म्हणजे हे शास्त्र ज्याला जगण्याचे प्रमाण मानायचे आहे त्याला एक गोष्ट टाळता येत नाही: देवाकडे जाणारी वाट दुखावलेल्या माणसाच्या दारावरून जाते.

ही कसोटी हाती घेऊन टॉलस्टॉयकडे वळू. सरदार नेख्ल्यूदोव्ह तरुणपणी आपल्या आत्यांच्या घरी वाढलेल्या कात्यूशाला नादी लावतो, जाताना तिच्या हाती शंभर रूबल्स कोंबतो आणि विसरून जातो. तिला दिवस जातात, ते घर सुटते, मूल मरते आणि ती वेश्या होते. पुढे विषप्रयोगाच्या आरोपाखाली ती न्यायालयात उभी राहते, आणि ज्यूरीत बसलेला असतो नेख्ल्यूदोव्ह. ज्यूरीच्या उत्तरात एक वाक्य घालायचे राहून जाते, आणि तेवढ्या हयगयीने निरपराध बाईला सक्तमजुरी होते. ही गोष्ट टॉलस्टॉयने कल्पनेने रचलेली नाही. कोनी नावाच्या प्रसिद्ध कायदेपंडिताने सांगितलेल्या एका खऱ्या प्रकरणावरून ती त्याला सुचली.

येथून पुढे नेख्ल्यूदोव्ह बदलतो. जमिनी कुळांना देतो, तुरुंगाच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो, कात्यूशाशी लग्न करायला तयार होतो. पहिल्या वाचनात मी या सर्वांनी भारावून गेलो होतो. मात्र कादंबरीतला सर्वांत थोर प्रसंग यांपैकी एकही नाही. तो आहे तुरुंगातल्या भेटीचा. लग्नाचा प्रस्ताव ऐकून कात्यूशा उसळते. या जन्मी माझ्यापासून सुख घेतलेस आणि आता परलोकातली सुटकाही माझ्यावरच साधू पाहतोस, असे ती त्याला तोंडावर सुनावते. ती दारू प्यालेली आहे, तिची भाषा गावंढळ आहे, आणि तिने जे सांगितले ते साऱ्या कादंबरीत दुसरे कोणी सांगत नाही. पश्चात्ताप हासुद्धा उपभोगाचा एक प्रकार असू शकतो. अपराध करताना मी तिला वापरले; क्षमा मागतानाही मी तिला वापरतोच आहे.

टॉलस्टॉयचे मोठेपण हे, की हे वाक्य लिहिण्याचे धैर्य त्याला झाले. त्याचे अपयश हे, की त्याने त्याचे उत्तर दिले नाही. अखेरीस कात्यूशा सीमॉन्सन या राजबंद्याबरोबर जायचे ठरवते. नेख्ल्यूदोव्हवर तिचे प्रेम आहे, आणि म्हणूनच ती त्याला मोकळा करते. त्या रात्री तो खानावळीतल्या खोलीत येतो. तुरुंगात नवे करार वाटत हिंडणाऱ्या एका इंग्रज प्रवाशाने दिलेली प्रत त्याच्यापाशी असते. तो मत्तय उघडतो, वाचत जातो, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येतो आणि त्याला पाच आज्ञा सापडतात. त्या पाळल्या की पृथ्वीवर स्वर्गराज्य येईल, असे त्याला लख्ख दिसते. कादंबरी तेथे संपते.

१९०० साली चेकॉव्हने एका पत्रात या शेवटाविषयी तक्रार केली होती. इतके लिहायचे आणि अखेर सर्वांचा निकाल शुभवर्तमानातल्या वचनावर लावायचा हे त्याला मनमानी वाटले. आधी शुभवर्तमानावर विश्वास बसेल असे करा, मग वचने द्या, असे त्याचे म्हणणे. तक्रार योग्य आहे, पण माझी तक्रार थोडी निराळी आहे. त्या पाच आज्ञांपैकी पहिलीतच, अर्पण ठेवून भावाकडे जाण्याची गोष्ट आहे. नेख्ल्यूदोव्ह ती वाचतो केव्हा? कात्यूशा निघून गेल्यावर. तिला आपली गरज उरली नाही ही खंत त्या प्रकरणाच्या आरंभी एकदा येते आणि लगेच मागे सरते. मग जे उरते ते मानवजातीचे दुःख, कायदा, तुरुंग, राज्यसंस्था. एका बाईचे ऋण साऱ्या जगाच्या खात्यावर टाकले की हिशेब मोठा होतो खरा, पण देणे सोपे होते.

येथे टॉलस्टॉयवर अन्याय होऊ नये. त्याने हे पुस्तक खरोखर प्रमाण मानले, आणि न्यायालय, सैन्य, जमीनदारी, प्रत्यक्ष चर्च या सर्वांना त्याच मापाने मोजले. १९०१ साली रशियन चर्चने त्याला बहिष्कृत केले. 'रिझरेक्शन'चे पैसे त्याने छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथीयांना कॅनडात जाण्यासाठी दिले. असे किती लेखक दाखवता येतील? मात्र त्याच टॉलस्टॉयने शुभवर्तमानांची आपली आवृत्ती तयार करताना चमत्कार आणि प्रत्यक्ष पुनरुत्थान कातरून टाकले होते. प्रमाण मानायचे आणि कात्रीही आपल्याच हाती ठेवायची, ही अडचण त्याच्या नायकातही उतरली आहे. नेख्ल्यूदोव्ह पुस्तक वाचतो. पुस्तक नेख्ल्यूदोव्हला वाचत नाही.

डोस्टोव्हस्कीला हे पुस्तक फार वेगळ्या रीतीने मिळाले होते. १८५० साली ओम्स्कच्या तुरुंगाकडे नेले जात असताना तोबोल्स्क येथे डिसेंब्रिस्ट बंडवाल्यांच्या बायकांनी त्याला नव्या कराराची प्रत दिली. ती त्याने तुरुंगात जवळ बाळगली आणि मरेपर्यंत सोडली नाही. या पुस्तकाची त्याची ओळख झाली ती कैद्यांच्या बायकांच्या हातून. 'गुन्हा आणि शिक्षा' वाचताना हे हात विसरता येत नाहीत.

रास्कोल्निकोव्हने सावकारणीचा खून केला आहे, आणि ऐनवेळी तेथे आलेल्या तिच्या भोळ्या सावत्र बहिणीचा, लिझावेताचाही. पुढे तो सोन्याच्या खोलीवर जातो. तेथे कातडी बांधणीचा, हाताळून जुना झालेला नवा करार पडलेला असतो. कोणी दिला म्हणून तो विचारतो. लिझावेताने आणून दिला, असे सोन्या सांगते. खुनी कोण ते तिला अजून ठाऊक नाही. तो तिला चार दिवस मेलेल्या लाजराच्या उठण्याची गोष्ट वाचायला लावतो आणि ती थरथरत्या आवाजात वाचते. या प्रसंगाला भडक म्हणणारे टीकाकार आहेत. एके काळी मीही म्हणत असे. आता मला दिसते ते इतकेच, की पुस्तक मारलेल्या बाईकडून आले आहे.

गंमत अशी, की या वाचनाने रास्कोल्निकोव्ह पालटत नाही. चव्हाट्यावर जाऊन जमिनीचे चुंबन घे आणि मी खून केला असे सर्वांना सांग, असे सोन्या त्याला बजावते. तो गुडघे टेकतो, लोक दारुड्या समजून हसतात आणि शब्द ओठांतच राहतात. कबुलीजबाब तो पोलिसांपुढे देतो, आठ वर्षांची शिक्षा भोगायला जातो, तरी त्याला पश्चात्ताप म्हणून होत नाही. आपले चुकले ते इतकेच, की आपल्याला पेलले नाही, असे तो सैबेरियातही समजतो. डोस्टोव्हस्कीचा हा प्रामाणिकपणा अपूर्व आहे. कबुली, शिक्षा, हालअपेष्टा सर्व झाले आणि माणूस जागचा हलला नाही!

तो हलतो तो नदीकाठी एका सकाळी, सोन्या जवळ येऊन बसते तेव्हा. तो तिच्या पायांवर कोसळतो. त्या संध्याकाळी उशाखालचा नवा करार तो हातात घेतो. लाजराची गोष्ट वाचली होती तीच ही प्रत, लिझावेताने आणलेली. तो ती उघडत नाही. सोन्याची श्रद्धा आता माझीही होऊ शकणार नाही काय, एवढाच विचार त्याच्या मनात येतो. नियम नाही, आज्ञा नाही, स्वर्गराज्याचा आराखडा नाही. खुन्याच्या उशाखाली मृताने दिलेले पुस्तक आहे आणि ते उघडण्याची योग्यता यायला अजून सात वर्षे जायची आहेत. शास्त्राला प्रमाण मानणे याचा अर्थ प्रथम त्याच्यापुढे गप्प होणे असा असेल, तर हे मिटलेले पुस्तक नेख्ल्यूदोव्हच्या उघड्या पुस्तकापेक्षा प्रमाणाच्या अधिक जवळ आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते खिळून राहिले. नेख्ल्यूदोव्हला खिळवणारी पाने तीच! टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते वळण त्यांच्या निष्ठेचे होते; त्यात अपराध पाहण्याचा माझा हेतू नाही. पण एकाच्या निष्ठेची किंमत दुसऱ्याला कशी मोजावी लागते हे आपल्याला कळले ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून. कडवटपणाचा लवलेश नाही, हसत हसत सांगितले आहे, आणि वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो. 'रिझरेक्शन' मिटताना मला नेहमी वाटते, कात्यूशाने आपली स्मृतिचित्रे लिहिली असती तर ती कशी झाली असती? त्या कादंबरीत हेच उणे आहे.

आता माझा कौल का बदलला ते सांगितले पाहिजे, कारण तो केवळ वाचनाने बदललेला नाही. तरुणपणी एका मित्राची पहिली कादंबरी अभिप्रायासाठी माझ्याकडे आली होती. ती चांगली होती. मला ती लिहिता आली नसती, आणि त्याच कारणाने मी प्रतिकूल लिहिले. कादंबरी छापली गेली नाही. मित्राने पुढे काही लिहिले नाही. पंचवीस वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो आणि सर्व सांगितले. बोलताना माझा आवाज भरून आला होता, आणि तो तसा आला याचे मला, खोटे कशाला बोलू, थोडे समाधानही वाटले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुला हलकं वाटलं ना? मग झालं. चहा घेशील?"

त्या चहाची चव अजून तोंडात आहे. कात्यूशा जे ओरडून म्हणाली ते त्याने हळू म्हटले. मी क्षमा मागायला गेलो नव्हतो, ओझे उतरवायला गेलो होतो, आणि उतरवले ते त्याच्याच अंगणात. ती कादंबरी आहे का, मला वाचायला देशील का, हे विचारायचे मला सुचले नाही. जक्कयला सुचले असते.

टीकाकाराचा धंदा दुसऱ्याला मोजण्याचा. मापे हाती असली की ती आपल्यालाही लागतात हे ध्यानात राहत नाही. आणि दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ व आपल्या डोळ्यातले मुसळ यांची गोष्ट त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, नेख्ल्यूदोव्हने वाचलेल्या आज्ञांपासून थोड्याच पानांवर आहे. 

या दिवाळीत मी पुन्हा मित्राकडे जाणार आहे. बोलण्यासारखे काही नाही. हस्तलिखित असेल तर मागून घेईन, आणि नसेल तर त्याला जे आठवते ते ऐकत बसेन.