उणे चौदा किलो जिरं

वाङ्मयाच्या प्रांतात मला कुणी ओळखत नाही, आणि ते एकापरीनं बरंच आहे. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे. आयुष्यात जी काही जाडजूड पुस्तकं चाळली ती सारी लेजरं. तेव्हा कथा-कादंबरीवर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण आमच्या कल्याणात टिळक चौकापासून पारनाक्यापर्यंत बऱ्याच दुकानांत गल्ल्याशेजारी जो एक ग्रंथ हल्ली सदैव उघडा असतो, त्याचं परीक्षण अजून कुणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. हा ग्रंथ म्हणजे बिलाचं आणि मालसाठ्याचं सॉफ्टवेअर. आमच्या वाणीशेठनी ते बसवलं तेव्हा, 'साहेब, तुम्ही बँकेतले, तुम्हाला यातलं कळतं' असं म्हणून त्यांनी मला एका रविवारी दुकानात बोलावून घेतलं. (एरवी मी नुसता 'अहो' असतो. साहेब होतो तो शेठना काम असलं की.) त्या एका रविवारच्या भांडवलावर ही समीक्षा.

आधी पात्रपरिचय. या ग्रंथात पात्रांची यादी लेखकानं द्यायची नसते, वाचकानं भरायची असते. तिला 'आयटम मास्टर' म्हणतात. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला नाव, कोड, एकक, दर आणि कराचा टक्का द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण ही यादी तीन जणांनी भरली. धाकट्या शेठनी जिऱ्याला 'जीरा' म्हटलं, सॉफ्टवेअरवाल्या मुलानं 'क्यूमिन', आणि मामांनी 'जिरं'. मामा म्हणजे दुकानातले तीस वर्षांचे जुने गडी. सगळं गिऱ्हाईक त्यांना मामाच म्हणतं, शेठसुद्धा. तर एकाच डब्यातलं जिरं तीन नावांनी नांदू लागलं. माल आला की तो 'जीरा'च्या खाती जमा व्हायचा, विकला की 'जिरं'च्या खाती वजा. महिन्याभरानं यंत्रानं जाहीर केलं की दुकानात जिरं उणे चौदा किलो शिल्लक आहे. आमच्या अध्यात्मात 'नाही' इथपर्यंत मजल गेलेली आहे. 'नाही'च्याही खाली चौदा किलो हे मी प्रथमच पाहिलं.

यात यंत्राचा दोष नाही. ज्याला जे नाव द्याल ते त्याला खरं. या ग्रंथाचा खरा लेखक बंगळूरला किंवा पुण्याला बसलेला नसतो; पहिल्या रविवारी स्टुलावर बसून नावं टाइप करणारा इसम हाच लेखक. आणि त्या कामाला सहसा घरातला सर्वांत रिकामा माणूस बसवतात.

भाषेबद्दल थोडं. बिलाचा कागद अरुंद, त्यामुळे नावं मध्येच तुटतात. 'शेंगदा', 'साबुदा', 'राजगि' अशी बिलं घरी आली की आमच्याकडून विचारणा होते, हे काय आणलंत? एकक विचारलं तर किलो, ग्रॅम, लिटर, नग. दशमान वजनं सक्तीची होऊन साठ वर्षं उलटली, तरी आमच्या आळीत डाळ पावशेर आणि लवंगा दहा रुपयांच्या मागतात. 'दहा रुपयांच्या' हे एकक यंत्रात नव्हतं. ते काढण्यात अख्खा तास गेला. शिवाय छपाई शाईची नव्हे, उष्णतेची. कपाटात जपून ठेवलेलं बिल काही महिन्यांनी कोरं होतं. मामांनी पेन्सिलीनं लिहिलेली दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी आमच्याकडे आहे, तिच्यातलं हिंग अजून वाचता येतं.

कराचं प्रकरण मात्र रचनेच्या दृष्टीनं ताकदीचं, आणि तिथे ग्रंथाला पैकीच्या पैकी गुण. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. मग १८ जुलै २०२२पासून पाकिटात बंद करून लेबल लावलेली डाळ ५ टक्के, आणि पोत्यातून मोजून दिलेली तीच डाळ करमुक्त. एकाच नटाची दुहेरी भूमिका! मग २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर उतरलं. हे सगळं मामांच्या पेन्सिलीला झेपलं नसतं. यंत्रानं एका संध्याकाळी पचवलं. कुंकू तेवढं पहिल्यापासून शून्य टक्क्यात आहे. सौभाग्यावर कर नाही.

आणखी एक श्रेय. साखरेचा खप हा शेठचा अभिमान. यंत्रानं दाखवलं की साखरेत सुटतं जवळजवळ काहीच नाही. दुकान चालतं ते मसाले, पापड आणि उदबत्तीवर. शेठ दोन दिवस साखरेशी बोलले नाहीत.

आता दृष्टिकोन. कुठल्याही कृतीत शेवटी तोच पाहायचा असं समीक्षक म्हणतात. गल्ल्याचं यंत्र प्रथम काढलं जेम्स रिटी या गृहस्थानं, १८७९ साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन गावी. रिटीचा दारूचा गुत्ता होता आणि नोकर गल्ल्यात हात मारतात ही त्याची व्यथा. यंत्राचं नावच 'न फितणारा कॅशियर' अशा अर्थाचं ठेवलं. (मी सहा वर्षं कॅशच्या खिडकीत बसलो आहे. अपमान गिळून पुढे जातो.) ज्या रेघांवर लाल उजेड पाडून हल्ली किंमत काढतात, त्या जोसेफ वुडलंड या माणसाला मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटं ओढताना सुचल्या, आणि दुकानात पहिल्यांदा वाचल्या गेल्या त्या २६ जून १९७४ला, पुन्हा ओहायोतच, डेटनजवळच्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. म्हणजे या ग्रंथाचं अर्धं घराणं वाळूतलं आणि अर्धं गुत्त्यातलं. वाळूतल्यानं घाई दिली, गुत्त्यातल्यानं संशय. बिल कोणी केलं, किती वाजता केलं, कोणी रद्द केलं, सगळ्याची नोंद. बिल रद्द करायचं तर मालकाचा पासवर्ड. मामांना पासवर्ड दिलेला नाही. तीस वर्षं गल्ल्याची किल्ली त्यांच्या करगोट्याला आहे, ती तशीच आहे.

याच ठिकाणी माझा या कृतीशी मतभेद आहे, आणि तो उधारीचा आहे.

त्या रविवारी दुपारी उधारीची वही निघाली. मुलगा कळफलकावर, शेठ वही वाचताहेत, मी पडताळतोय. नाव, बाकी, नाव, बाकी. मधेच एका पानावर शेठ थांबले. २०२०च्या टाळेबंदीतलं पान. गिऱ्हाईक कोण ते मलाही ठाऊक होतं, तुम्हाला सांगायचं कारण नाही. रिक्षा बंद, घरात पाच माणसं, आणि पान दोन्ही बाजूंनी भरलेलं.

"बाकी काय टाकू, अंकल?"

"शून्य टाक."

"पण पानावर आकडा दिसतोय ना."

"आकडा मला दिसतोय. तू शून्य टाक."

मी बी.कॉम.ला शिकलो त्याप्रमाणे याला बुडीत येणं म्हणतात, ते नफातोटा खाती नावे टाकायचं. तसं मी सुचवलंही. शेठ म्हणाले, "बुडीत कुठे आहे साहेब? येणं आहे. मागायचं नाही, एवढंच."

आमच्या बँकेत नव्वद दिवस हप्ता चुकला की खातं अनुत्पादक. त्यापुढे माणूस आमच्याशी बोलतो तो नोटिशीतून. यंत्रात रकाने दोनच: बाकी आहे, किंवा नाही. मुलानं शून्य टाकलं, तेव्हा यंत्राच्या लेखी त्या घरानं कधी उधार नेलंच नव्हतं. आणि आकडा टाकला असता तर पहिल्या तारखेला मोबाइलवर आपोआप आठवणीचा संदेश गेला असता. येणं आहे पण मागायचं नाही, यासाठी रकाना नाही. वहीत तो आहे: पानावर काट मारलेली नाही आणि पान उलटलेलं आहे. हेच त्याचं लेखन.

पुढे धाकट्या शेठनी सरसकट सगळ्यांच्या उधारीची मर्यादा शून्य करून टाकली. पटलं नाही तरी त्यांचं म्हणणं मला समजतं. मॉल उधार देत नाही आणि तरी तिथे रांग असते; बाजार समितीतला घाऊक व्यापारी यांना मागायचं नाही म्हणत नाही. आठवड्याभरात पेन्शनवाल्या तीन म्हाताऱ्यांपैकी एक यायची थांबली. थोरल्या शेठनी मग वही पुन्हा गादीखाली आणली. सध्या दुकानात दोन्ही ग्रंथ चालू आहेत आणि बापलेक एकमेकांचा वाचत नाहीत.

मामांचं सांगायचं राहिलं. मोजदादीच्या दिवशी डब्यावर टिचकी मारून ते वजन सांगत. सोळा म्हणाले, काट्यावर पंधरा किलो आठशे भरलं. मुलगा हसला होता, मग हसेनासा झाला. स्क्रीनवरची अक्षरं मामांना दिसत नाहीत, म्हणून आता त्यांचं व्हायचं कसं ही आम्हा सर्वांना काळजी. मामांनी तीन महिन्यांत चारशे कोड तोंडपाठ केले. हल्ली ते गिऱ्हाइकाचं ऐकता ऐकता आकडे बडबडतात, धाकटे शेठ दाबत जातात. वीज गेली की मामा पाठीवरच्या पेन्सिलीच्या तुकड्यानं पुठ्ठ्यावर कोडच लिहून बिल करतात, आणि वीज आल्यावर ते यंत्राला वाचून दाखवतात.

जिऱ्याची तिन्ही नावं मुलानं एकत्र केली. तरी कुठेतरी काही राहिलंच असावं, परवा पाहिलं तेव्हा उणे दोन किलो होतं. त्यातलंच पावशेर घेऊन आलो. फोडणीत चांगलं तडतडलं.