बनियन-दिन आणि नाताळची शाकाहारी पंगत

नाताळच्या दिवशी मांसाहारी पाहुण्यांना शाकाहारी जेवण घालावे काय, आणि घातल्यास ते कसे असावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी स्वयंपाकघरातला आहे. समीक्षेच्या पानावर त्याला जागा कशासाठी, अशी शंका वाचकांपैकी कोणी घेईल. आमचे म्हणणे असे की, पंगत हीही एक रचनाच होय. तिला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. तिच्यात प्रमाण व औचित्य सांभाळावे लागते. नाटकाला जसा प्रेक्षक, तसा पंगतीला जेवणारा. त्याच्यावाचून तिला अर्थ नाही. हा जेवणारा आपल्याहून वेगळ्या संस्काराचा असेल, तर यजमानाच्या कलेची खरी परीक्षा होते. या परीक्षेसाठी सुरत शहराइतके योग्य स्थळ शोधून सापडणार नाही.

जॉन ऑव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ साली विलायतेहून निघाला, आणि सुरतेच्या इंग्रज वखारीत राहून परत गेल्यावर १६९६ साली त्याने आपले प्रवासवृत्त लंडनमध्ये छापले. वखारीच्या भोजनाचे त्याने केलेले वर्णन आजही वाचनीय वाटते. प्रत्येकाच्या जिभेचे समाधान व्हावे म्हणून तेथे एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी असे तीन आचारी ठेवलेले होते. सणावारी हरिण, मोर, ससे, तितर यांची रेलचेल असे. जोडीला इराणातून आलेले पिस्ते व जर्दाळू. नाताळचे ताट याच थाटाचे असणार, हे सांगायला नको.

परंतु याच पुस्तकात दुसरीही एक पंगत आहे, आणि आमच्या विषयाला तीच अधिक जवळची. इकडच्या समुद्रात वावरणाऱ्या फिरंगी खलाशांना आठवड्यातून एकदोनदा मांसाऐवजी डाळ-तांदळाची खिचडी मिळे. ही खिचडी पौष्टिक आहे, पण फारशी रुचकर नाही, असा ऑव्हिंग्टनचा अभिप्राय आहे. खलाशांना तर त्या दिवसांचा मनस्वी तिटकारा असे, आणि ते त्यांना ‘बनियन-दिन’ म्हणत. बनियन म्हणजे आपला वाणी. सुरतेच्या निरामिष व्यापाऱ्यांवरून पडलेले हे नाव. पुढे इंग्रजी आरमारात मांसावाचूनच्या दिवसाला हाच शब्द दीर्घकाळ रूढ होता. एका संपूर्ण समाजाचा आहार दुसऱ्या समाजाच्या भाषेत शिक्षेचा पर्याय होऊन बसला!

या तिरस्काराचा दोष खिचडीला द्यावा काय? आमच्या वाचकांना धुंधुरमासाची आठवण करून देण्याची गरज नाही. सूर्य धनु राशीत असतो तो काळ साधारणपणे १६ डिसेंबरपासून मकर संक्रांतीपर्यंतचा. म्हणजे नाताळ नेहमी धुंधुरमासातच येतो. या महिन्यात पहाटे देवाला मुगाच्या खिचडीचा नैवेद्य होतो, आणि मग घरची मंडळी ती खिचडी लोण्याच्या गोळ्यासह, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीसह आणि वांग्याच्या भरितासह जेवतात. तेच तांदूळ, तशीच डाळ. पण त्या ताटावर बसलेल्या कोणाला आपण काही गमावले आहे असे वाटत नाही. जहाजावरची खिचडी ही मांस वजा केलेल्या जेवणाची बाकी होती. देवळातली खिचडी कशातूनही वजा झालेली नाही. शाकाहारी मेजवानीचे पहिले आणि सर्वांत मोठे अपयश कोणते, ते येथे कळते: पाहुण्याला ताटातील पदार्थ दिसण्याआधी ताटात नसलेला पदार्थ दिसतो.

ही उणीव झाकण्यासाठी अलीकडे नकलेचा मार्ग धरला जातो. सोयाबीनच्या पिठाला कोंबडीच्या तंगडीचा आकार द्यावयाचा, त्यात हाडाच्या जागी काडी खोचावयाची, आणि पाहुण्याने फसावे अशी अपेक्षा ठेवावयाची. नक्कल मुळातच हीन असते असे आम्ही म्हणत नाही. चीनमधील बौद्ध विहारांत गव्हाच्या चिवट गोळ्यापासून मांसासारखे पदार्थ करण्याची जुनी व कसदार परंपरा आहे. परंतु नकलेचा एक स्वभाव आहे: ती जितकी हुबेहूब, तितकी मुळाची आठवण अधिक तीव्र. शिवाय तुलनेचे रणांगण पाहुण्याचे, शस्त्रे पाहुण्याची. तेथे यजमान हरणारच. ज्याला आयुष्यभर कोंबडी ठाऊक आहे, त्याच्यापुढे कोंबडीची नक्कल मांडणे हे धाडस असेल. त्याला औचित्य म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मांसावाचून नाताळ तो कसला नाताळ? इतिहास पाहता हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. भाजलेल्या हंसाची आणि टर्कीची जी मेजवानी आज सर्वत्र नाताळची म्हणून ओळखली जाते, तिच्या प्रसिद्धीत डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेचा मोठा वाटा आहे. रोमन कॅथलिक पंथात तर नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य करण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. पोलंडात त्या रात्री आजही बारा पदार्थांचे मांसविरहित जेवण होते. त्यात मासा असतो. इथिओपियातील ख्रिस्ती लोक नाताळपूर्वी चाळीसहून अधिक दिवस मांस, दूध आणि अंडी सोडतात. पोर्तुगालमध्ये आदल्या रात्रीच्या भोजनाला कोंसोआदा म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळला शेजाऱ्यांकडे जो कुसवार जातो, त्याचे नाव या शब्दाशी जोडले जाते. त्या कुसवारात दोदोल असतो, कुलकुल असतात, आणि नेवरीही असते. चवथीला जी आपल्या घरी होते, तीच ही नेवरी. तरीही न्यायाने बोलावयाचे तर मान्य केले पाहिजे की, आदल्या दिवसाचा संयम हा दुसऱ्या दिवसाच्या मेजवानीसाठीच असे. तेव्हा इतिहासाचा दाखला देऊन पाहुण्याला निरुत्तर करता येईल, पण त्याचे पोट भरणार नाही. निर्णय अखेर ताटावरच व्हावयाचा.

मांसाची मोठी मेजवानी कशाने मोठी होते, याचा विचार यजमानाने आधी करावा. तिच्यात एक मुख्य पदार्थ असतो. त्याला वेळ लागतो. तो सर्वांसमक्ष आणला जातो. त्याला स्निग्धता, वास आणि दाताखाली येणारा कस असतो. हे सारे गुण सुरतेच्या हिवाळ्याने एका पदार्थात एकवटले आहेत, आणि तो म्हणजे उंधियुं. सुरती पापडी, तुरीचे कोवळे दाणे, जांभळे कोनफळ, रताळे, लहान बटाटे, छोटी वांगी, कच्ची केळी आणि मेथीचे मुठिये. त्यांवर ओले खोबरे, कोथिंबीर, आले, हिरवी मिरची, तीळ व ओवा यांचे हिरवेगार वाटण. ‘ऊंधुं’ म्हणजे उपडे. मडके उपडे करून वर विस्तव पेटवण्याच्या मूळ रीतीवरून हे नाव आले. सुरत शहरात ते आता बहुधा पातेल्यात शिजते. वलसाडकडच्या उंबाडियुंत मात्र मडके व आग अजून टिकून आहेत. आमच्या रायगड जिल्ह्यातील वाचकांना येथे पोपटी आठवेल. तेच उपडे मडके, तशाच वालाच्या शेंगा, भोवती भांबुर्ड्याचा पाला. कोणी त्यात कोंबडी घालतो, कोणी घालत नाही. दोन्ही जेवणारे एकाच आगीभोवती बसतात, आणि शेंगांना कोणी दुय्यम मानीत नाही.

उंधियुंच्या जोडीला आम्ही आपले खतखते सुचवू. दोन्ही अनेक कंदभाज्यांचे, दोन्ही सणाचे. पण एक तेलात व ओव्यात बोलते, दुसरे तुरीच्या डाळीत, खोबऱ्यात आणि तिरफळांत. देवळाच्या नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही, म्हणून खतखत्याचा सारा जोर तिरफळांवर असतो. आणि हीच तिरफळे गोव्यात बांगड्याच्या आमटीतही पडतात. मासे खाणाऱ्या पाहुण्याला त्या वासात काहीतरी ओळखीचे भेटते. यजमानाने कसलाही आव आणलेला नसतो. दोन स्वयंपाकघरांचे जुने नाते फक्त उघड झालेले असते. आपल्या समाजातील अनेक घरांतून सोमवारी शिवराक आणि बुधवारी हुमण होते. तेव्हा हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक असावयास हवा.

आता दोषांकडे वळू. गुजराती ताटात गोडाची छटा बहुतेक पदार्थांत येते. अनोळखी जीभ तिला लवकर कंटाळते. म्हणून उंधियुंत साखरेचा हात आखडता घ्यावा आणि आंबटपणासाठी सोलकढी ठेवावी. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे ऑव्हिंग्टनच्या पंगतीतील इराणी मद्याची जागाही तीच भरून काढील! दुसरा दोष पदार्थांच्या गर्दीचा. वीस वाट्या मांडल्याने वैभव दिसते, पण मुख्य पदार्थ हरवतो. आरंभी सुरतेचा हिवाळी पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, लिंबू-मिऱ्याच्या शेवेसह द्यावा. मग उंधियुंचे झाकण पाहुण्यांसमोर उघडावे. आणि शेवटी तूप घातलेली मुगाची खिचडी कढीबरोबर वाढावी. सुरतेची घारी कितीही नामांकित असली तरी ती चांदनी पडव्याची. नाताळला तिला बोलावणे म्हणजे दिवाळीत होळीचे गाणे म्हणणे. गोडाला नेवरी आहेच, आणि ती दोन्ही धर्मांच्या सणांना सारखीच शोभते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे, आणि तो जिभेचाच असला तरी चवीचा नव्हे. तो उपदेशाचा. जेवताना पाहुण्याला अहिंसेचे व्याख्यान ऐकवले की उत्तम उंधियुंचाही बनियन-दिन होतो. ताट हे सत्तेचे साधन झाले की काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? आपली दैवते साष्टीतून अंत्रुज महालात न्यावी लागली. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात तर, हिंदूंप्रमाणे भात मिठावाचून शिजवून मागाहून मीठ घेण्याची ख्रिस्ती रयतेला मनाई केली होती. चुलीवरच्या भातावरून माणसाची निष्ठा तपासली गेली! आज शहराशहरांतून केवळ आहारामुळे कुटुंबांना भाड्याचे घर नाकारले जाते, तेव्हा तीच तपासणी उलट्या दिशेने चालू असते. ज्यांनी ती एकदा सोसली, त्यांनी ती दुसऱ्यावर लादू नये.

सुरतेच्या इतिहासात याहून चांगले दाखलेही आहेत. पशूंसाठी पांजरपोळ चालवणाऱ्या या शहराचे ऑव्हिंग्टनने आश्चर्याने वर्णन केले आहे. आणि १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कपुचिन पंथाचे पाद्री फादर अँब्रोज यांच्या निवासाला, ती भली माणसे आहेत म्हणून, धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने नमूद केले आहे. युद्धाच्या धामधुमीत जी दृष्टी राखता आली, ती जेवणाच्या पाटावर राखणे काही अवघड नाही.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. आपल्या देवाला जे वाहतो, तेच पाहुण्याला पूर्ण मनाने वाढावे. त्याच्या ताटाची नक्कल करू नये, स्वतःच्या ताटाची क्षमा मागू नये आणि दोहोंची तुलना तर मुळीच करू नये. पाहुण्याने उंधियुं दुसऱ्यांदा मागून घेतले आणि खिचडीवर तुपाची आणखी एक धार मागितली, तर सुरतेच्या खलाशांनी तीनशे वर्षांपूर्वी दिलेल्या निकालावर ते पुरेसे उत्तर होईल.