क्लच कव्हरवरची खाडी

पावसाळा ओसरता ओसरता पाम बीच रस्त्यालगतच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जावं आणि जुन्या बुलेटच्या डाव्या अंगाला निवांत उकिडवं बसावं. क्लच कव्हरच्या कडेला, स्क्रूच्या डोक्यांभोवती, पारदर्शक लेपाखाली पांढुरक्या रेघांची नक्षी आपल्याला दिसेल. खाडीवरचा खारा, दमट वारा लेपाच्या एखाद्या चरेतून आत शिरतो आणि मग हा पांढरा गंज, मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने बोरू न उचलता ओळ पुरी करावी तसा, वळणं घेत पुढे सरकतो. रेघेची रुंदी मिलिमीटरभरही नसते. आणि नवल असं की एक रेघ सहसा दुसरीला छेदत नाही, समोर दुसरीचा माग आला की ती वळते किंवा तिथेच थबकते. पुसून टाकण्याआधी तिचं हे सौजन्य घडीभर न्याहाळावं.

लेप उतरवून तेलकट मळ धुतला की पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर हाती घ्यायचा. ४००, ८००, १२००, २०००. दर नंबरला हाताची दिशा काटकोनात फिरवायची, म्हणजे मागच्या आडव्या चरा पुढच्या उभ्या चरांत पुरत्या विरल्या की नाही हे डोळ्यांना कळतं. ओरखडे शेवटपर्यंत असतातच. ते इतके तलम होत जातात की उजेडाला अडखळायला जागाच उरत नाही, आणि त्यालाच आपण चकाकी म्हणतो! मग मेटल पॉलिश. सुती फडकं क्षणात काळंकुट्ट होतं आणि नवख्याला वाटतं, घाण बाकी आहे. तो काळिमा असतो झिजून निघालेल्या धातूच्या सूक्ष्म कणांचा. फडकी कितीही बदला, ती काळी होणारच. (घाईवाले कॉस्टिक सोड्याचं पाणी फासतात. त्यात गंजाबरोबर ॲल्युमिनियमही विरघळतं.)

पण खरी गंमत पुढेच आहे. उघड्या पडलेल्या धातूवर हवा लागताच ऑक्साइडचा नवा पापुद्रा धरतो, जेमतेम दोन ते चार नॅनोमीटरचा, आरपार दिसणारा आणि धातूला जपणारा. खाडीच्या मिठातलं क्लोराइड हेच कवच जागोजागी भेदतं आणि मग पांढरे डाग पडतात. म्हणजे ज्याला आपण ऑक्साइड म्हणून घासून काढलं, त्याच्याच एका विरळ पडद्याआडून ती रुपेरी झळाळी आपल्याला भेटत असते. त्या पडद्याला जूनआधी मेणाच्या पॉलिशची सोबत दिली की खाऱ्या वाऱ्याला धातूपर्यंत पोचणं जरा अवघड होतं.

सगळंच इंजिन आरसा करून टाकणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. सिलिंडर हेडच्या फिन्सवर ओतकामाची जी बारीक रवाळ कांती असते, तिच्या शेजारीच क्लच कव्हरचा गुळगुळीतपणा खुलतो. तिथे साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे.