टोपीखालचा चहा

फुकट चहा मिळवण्याचे मार्ग पुण्यात फार नाहीत. "चहा घेऊन आला असालच!" हे इथलं स्वागत. म्हणून इराण्याच्या संगमरवरी टेबलाभोवती पैजांची कला वाढली. नाटकांची परीक्षणं ढिगानं येतात. या कलेच्या वाट्याला समीक्षक आला नाही. ती उणीव मी भरून काढतो.

पहिली कलाकृती माझ्यावरच झाली. माझ्या भरल्या कपावर मित्रानं टोपी ठेवली. "टोपीला हात न लावता चहा पितो. पैज?"

"लाव."

त्यानं डोळे मिटून 'फुर्र' केलं, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "प्यालो." खात्री करायला मी टोपी उचलली. त्यानं शांतपणे कप उचलला. 'टोपी घालणं' हा वाक्प्रचार मला त्या दिवशी प्रात्यक्षिकासह कळला. रचना बांधीव, शेवट अनपेक्षित. पण उत्तर कळलं की सगळं संपतं. उरतं ते बिल, आणि मित्राबद्दल थोडी अढी.

दुसरी कलाकृती : काडेपेटीतल्या सहा काड्यांचे सारखे चार त्रिकोण करा. टेबलावर काड्या सरकवत बसलात तर जन्म जाईल. तिघींचा त्रिकोण मांडून उरलेल्या तिघी त्यावर उभ्या करायच्या, टोकं वर जुळवायची. यात शब्दांची लबाडी नाही. हरणारा चहा पाजतो, पण टेबलाच्या वरही जागा असते एवढं शिकून जातो.

तिसरी मात्र अभिजात. कर्ते द. रा. कापरेकर (१९०५–१९८६), फर्ग्युसनचे विद्यार्थी, देवळालीच्या शाळेतले मास्तर. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे एकच नकोत. आकडे उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येणारच!

मी त्याच मित्राशी पैज लावली. पक्का पुणेकर, त्यानं पानशेतचं साल घेतलं, १९६१. बिलाच्या पाठीवर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२... आणि सातव्या खेपेला ६१७४.

उत्तर मी आधीच सांगितलं होतं, तरी तो थक्क झाला. चहाचे पैसे मुकाट्यानं दिले. वर बनमस्का मागवला. मी उठलो, तो उठेना. स्वतःचं जन्मसाल मांडून बसला होता.

टोपीची अढी तिथेच सुटली.