हाड खरेच जागेवर बसते का?

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची, हा उपाय आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल; काहींनी सोसलाही असेल. चार-आठ दिवसांत उसण उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण 'मणके जागेवर आणून वेदना घालवू, खेळातली कामगिरी वाढवू' असे गुळगुळीत कागदावर छापून आले, सोबत कण्याचे रंगीत चित्र आणि 'ऑस्टिओपॅथी' असा भारदस्त शब्द असला, की मोठी माणसेही हसत नाहीत. दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे. उपचार केलाच नसता तर काय झाले असते?

ऑस्टिओपॅथीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हा अमेरिकन वैद्य होता. १८६४ साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्याची तीन मुले दगावली. त्या काळचे डॉक्टर पाऱ्याचे क्षार आणि अफू सढळ हाताने देत. अशा औषधांवरून त्याचा विश्वास उडाला, यात नवल नाही. रोग जंतूंमुळे होतात हेही तेव्हा सिद्ध व्हायचे होते. १८७४ मध्ये त्याने आपली पद्धत जाहीर केली: हाडे जागची हलली की रक्त आणि मज्जातंतूंच्या वाटा अडतात व रोग होतो, हातांनी ती अडचण दूर करावी, बाकीचे शरीर पाहून घेईल. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी त्याने शाळा काढली. पारा न देणारा वैद्य त्या काळी रोग्याला लाभलाच असणार. पण तो लाभ पारा न दिल्याचा. त्यावरून हाडांचा सिद्धांत खरा ठरत नाही.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. आज अमेरिकेतले ऑस्टिओपॅथिक डॉक्टर औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात. ते पूर्ण अर्थाने डॉक्टरच आहेत. ब्रिटनमध्ये या व्यवसायाला १९९३ च्या कायद्याने चौकट मिळाली, पण तेथील ऑस्टिओपॅथ मुख्यतः हातांनीच उपचार करतात. अमेरिकन डॉक्टरांची प्रतिष्ठा या दुसऱ्या प्रकाराला आपोआप लागू होत नाही.

आता त्या 'कट्ट' आवाजाकडे वळू. मणका दाबला, आवाज आला, म्हणजे हाड बसले, असे रोग्याला मनापासून वाटते. बोटे मोडतानाही तसाच आवाज येतो आणि आपली बोटे काही रोज निखळत नाहीत. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांधा झटकन ताणला की आतला दाब घटतो व द्रवात पोकळी तयार होते. २०१५ साली एमआरआय यंत्रात बोट ओढून ही पोकळी होताना पाहण्यात आली. आवाज पोकळी होताना येतो की ती अंशतः मिटताना, यावर अजून वाद आहे. हाड जागेवर बसण्याशी मात्र त्याचा संबंध नाही. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, हे तुमच्या विद्यार्थ्यांना अनुभवाने ठाऊक असेलच.

हाड सरकते की नाही, हे थेट मोजूनही झाले आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात दहा रुग्णांच्या कमरेजवळच्या हाडांची जागा अतिशय अचूक क्ष-किरण पद्धतीने उपचारापूर्वी व नंतर टिपली गेली. हाताने तपासणाऱ्यांना उपचारानंतर सांधा सरळ झालेला 'जाणवला'. क्ष-किरणांत हाडांची जागा बदललेलीच नव्हती! तपासणाऱ्यांवर लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही. अपेक्षा असली की प्रामाणिक बोटांनाही भास होतो, प्रयोगशाळेत आमच्या डोळ्यांना होतो तसाच.

मग वेदनेला काहीच उतार पडत नाही का? पडतो, पण किती ते पाहायला हवे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाठदुखीचे रुग्ण दोन गटांत विभागले. एकाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला हातांचे. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. हातांच्या उपचाराच्या गटाला औषधे कमी लागली, ही बाब आम्हाला मोलाची वाटते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडवून घेतलेल्यांना विचारा. पण त्या चाचणीत लटका उपचार घेणारा गट नव्हता. तो फ्रान्समधल्या २०२१ च्या चाचणीत होता. चारशे रुग्णांपैकी अर्ध्यांना खरा उपचार, अर्ध्यांना नुसता हलका स्पर्श, दर पंधरवड्याला एक अशा सहा बैठका. पाठदुखीमुळे दैनंदिन कामांत येणारी अडचण शंभरपैकी गुणांनी मोजली. तीन महिन्यांनी ती खऱ्या उपचाराने ४.७ गुणांनी आणि लटक्याने १.३ गुणांनी कमी झाली. फरक ३.४ गुणांचा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो खरा आहे. खुर्चीतून उठणाऱ्या रुग्णाला जाणवेल का, याबद्दल संशोधकांनाच शंका आहे.

शिवाय माणूस वैद्याकडे जातो केव्हा? दुखणे कळसाला पोचल्यावर. कळसानंतर उतारच असतो. मायेने ठेवलेला हात, कोणीतरी अर्धा तास नीट ऐकून घेणे, भीती कमी झाल्याने माणूस पुन्हा हिंडू-फिरू लागणे, यांचाही वाटा आहे. तो आम्ही क्षुल्लक मानत नाही. पण त्यासाठी मणके हलल्याची कथा लागत नाही.

मान झटक्याने फिरवण्याबाबत, मग ती ऑस्टिओपॅथने फिरवो की केशकर्तनालयात, आम्ही सावध आहोत. मानेतली रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी नोंदलेल्या आहेत. आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा अकारण वजन घटणे असे काही असेल, तर कोणाकडूनही पाठ दाबून न घेता रुग्णालय गाठावे.

खेळातल्या कामगिरीचा दावा सर्वांत लंगडा आहे. या विषयावरचे अभ्यास बहुतेक थोड्या खेळाडूंवर झालेले आणि उपचारानंतर लगेच मोजमाप केलेले आहेत. महिनाभरानंतर शर्यतीचा वेळ कमी झाला का, हा खरा प्रश्न. यातली मेख वर्गातच दाखवता येते. मुलांना पाय सरळ करून, तळवे खोक्याला टेकवून बसवा आणि हात पुढे किती पोचतात ते सेंटिमीटरमध्ये मोजा. मग चिठ्ठ्या टाकून तीन गट करा. एका गटातल्यांचे खांदे मित्राने दोन मिनिटे हलके दाबावेत, दुसऱ्याने तीच कृती चार वेळा करावी, तिसऱ्याने स्वस्थ बसावे. मग पुन्हा मोजा. नुसत्या सरावानेही काही सेंटिमीटर वाढ दिसेल. स्नायू तेवढेच, ताण सोसण्याची तयारी वाढलेली. खांदे दाबलेल्या गटाचे आकडे एकटेच पाहिले असते, तर पत्रकासाठी मजकूर तयारच होता. मोजणारा विद्यार्थी मात्र चिठ्ठ्या निघाल्यापासून दुसऱ्या मोजणीपर्यंत वर्गाबाहेर हवा.