घुमट, छप्पर आणि वस्ती : मशिदीच्या तौलनिक वाचनाविषयी

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे नायककालीन धान्यकोठार आहे : विटांचे, गोल, माथ्याकडे निमुळते होत गेलेले. त्याच्या गोलाईवरून कोणी त्याला इस्लामी वास्तू ठरवीत नाही. मशिदीच्या बाबतीत मात्र घुमट आणि मिनार ही जणू धर्माची चिन्हे मानली जातात. ती आढळली नाहीत की वास्तूला ‘संमिश्र’ हे दुय्यम विशेषण लागते. तमिळ प्रदेशातील पळ्ळीवासल याच विशेषणाखाली दडपले गेले आहेत.

मुळात हे गृहीतक ऑटोमन उदाहरणालाही पेलत नाही. इस्तंबूल म्हणताच सिनानची सुलेमानिये (१५५७) डोळ्यांपुढे येते. पण ती सुलतानाची वास्तू. मोहल्ल्यातील लहान मशीद, तुर्कीत ‘मेस्जित’, पुष्कळदा चार भिंती, लाकडी सांगाड्यावरचे कौलारू उतरते छप्पर आणि एक आखूड मिनार एवढीच असे. शुक्रवारचे प्रवचन तेथे होत नसे, म्हणून मिंबरही नसे. मोहल्ला मात्र बहुधा तिच्याच नावाने ओळखला जाई, आणि इस्तंबूलमध्ये १८२९ साली मुख्तार नेमले जाईपर्यंत तिचा इमाम हाच मोहल्ल्याचा कारभारी होता. तिची ओळख छपरात नव्हे, या नात्यात होती.

कीळक्करै, कायलपट्टिणम येथील जुन्या मशिदी याच न्यायाने वाचाव्यात. मेहरदाद शोकूही यांच्या २००३ मधील ग्रंथामुळे अशा मशिदींची पद्धतशीर नोंद उपलब्ध आहे. दगडी खांबांच्या रांगा, सपाट पाषाणछत, उंच जोते यांना मंदिरमंडपाची उसनवारी म्हणणे सोयीचे असले तरी उथळ आहे. तेथील पाथरवटांना अवगत असलेली बांधणीच ती होती. मूर्ती वगळल्या, वेलबुट्टी राहिली. ‘पळ्ळी’ हा शब्दही जैन-बौद्ध स्थानांसाठी आधीपासून रूढ होता. ‘मशीद’ असे भाषांतर करताच हा पूर्वेतिहास पुसला जातो, आणि भाषांतरमीमांसेत मुरलेल्या आपल्यासारख्यांच्याही ते लक्षात येत नाही.

मराठी अभ्यासकांचा येथे थेट संबंध पोहोचतो. नागोर दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह (कारकीर्द १७३९–१७६३) यांनी बांधविला. दर्गा ही मशीद नव्हे, हे मान्य. शिवाय हा मिनार राजाश्रयाचा, दुरून दिसावा असा, म्हणजे सुलेमानियेच्याच पंक्तीतला. तरीही तंजावरी मराठीचा आपला अभ्यास नाटके, मोडी कागद आणि बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा शिलालेख यांपाशी थांबतो. विटाचुन्यातला मजकूर त्यात क्वचितच येतो. आणि जेव्हा येतो, तेव्हा राजाचे औदार्य म्हणून. पापनाशमलगतच्या राजगिरी, पंडारवाडै या मुस्लिम वस्तीच्या गावांतील पळ्ळीवासलांकडे वळायचे, तर घुमट आहे की नाही, कोणत्या राजाने दान दिले, हे प्रश्न मागे ठेवून, वस्तीने त्या वास्तूभोवती काय काय चालविले, हे आधी विचारावे लागेल.