जॅझ संगीतातील खासगी ध्वनिमुद्रणे

जॅझ संगीतातील खासगी ध्वनिमुद्रणे : ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या व्यवहाराबाहेर, रसिकांनी अथवा वादकांच्या निकटवर्तीयांनी स्वतःच्या यंत्रांवर केलेली जॅझ वादनाची ध्वनिमुद्रणे. नृत्यगृहे, नाइट क्लब, हॉटेलांतील खोल्या आणि नभोवाणीचे कार्यक्रम ही त्यांची प्रमुख उगमस्थाने होत. ती प्रथम शौकिनांच्या लहान वर्तुळात ऐकली जात; नकला करून त्यांची देवघेव होई आणि पुष्कळदा मूळ वादनानंतर कित्येक दशकांनी ती प्रसिद्धीस येत. जॅझचा प्राण उत्स्फूर्त वादनात आहे. मूळ गीताचे स्वरसंघात आधाराला घेऊन वादक प्रत्येक आवर्तनात नवी स्वररचना करतो. ती लिहिलेली नसते व पुन्हा तशीच घडत नाही. त्यामुळे जॅझच्या इतिहासकाराला स्वरलेखनापेक्षा ध्वनिमुद्रणावरच अधिक विसंबावे लागते. खासगी ध्वनिमुद्रणांनी हा आधार फार विस्तृत केला. तथापि ती निर्लेप साधने नव्हेत. यंत्र केव्हा सुरू करावे, केव्हा थांबवावे व कोणाचे वादन टिपावे हे ठरविणारा रसिक हा त्या संगीताचा पहिला समीक्षकही असतो. त्याच्या निवडीचे गुणदोष ओळखल्याशिवाय या ध्वनिमुद्रणांचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचे संगीत मावत असे. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्यासारख्या गायकांना ज्याप्रमाणे ख्यालाचे सार तेवढ्या अवधीत बसवावे लागले, त्याचप्रमाणे जॅझ वादकांनाही आपला विस्तार आटोपता घ्यावा लागे. कोलमन हॉकिन्स (१९०४–६९) याने ‘बॉडी अँड सोल’ या गीतावर १९३९ मध्ये मुद्रित केलेले टेनर सॅक्सोफोनचे वादन दोनच आवर्तनांचे असून ते जॅझमधील एक आदर्श मानले जाते. ध्वनितंत्रज्ञ बिल सॅव्हरी याने नभोवाणीवरून टिपलेले त्याच गीताचे १९४० मधील वादन मात्र जवळजवळ दुपटीने दीर्घ आहे. दोन्ही शेजारी ठेवून ऐकली असता तबकडीवरील घाटाची रेखीवता मर्यादेतून आलेली आहे, हे ध्यानात येते. प्रत्यक्ष वादनात हॉकिन्स कल्पनेला अधिक सावकाश आकार देतो. सॅव्हरीचा सु. एक हजार तबकड्यांचा संग्रह २०१० मध्ये हार्लेममधील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाने मिळविला.

तबकड्यांनी लपविलेली विस्तारशक्ती सर्वांत ठळकपणे दिसते ती गिटारवादक चार्ली ख्रिश्चन (१९१६–४२) याच्या बाबतीत. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबरच्या ध्वनिमुद्रिकांत त्याच्या वाट्याला सामान्यतः एखादे छोटे एकल वादन येई. कोलंबिया विद्यापीठातील जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने मे १९४१ मध्ये हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ येथे आपले वाहतुकीस सोपे तबकडीयंत्र नेले आणि ख्रिश्चनचे मुक्त वादन टिपले. येथे तो आवर्तनामागून आवर्तने वाजवितो. केनी क्लार्कच्या ढोलवादनातील अनपेक्षित आघात त्याला नव्या वाटांकडे ढकलताना ऐकू येतात. पुढे ‘बीबॉप’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीची घडण येथे कानांनी पडताळता येते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मुद्रण एकल वादनाच्या मधूनच सुरू होते, कारण यंत्र उशिरा चालू झाले. मूळ रचना ‘टॉप्सी’ असूनही ते ‘स्विंग टू बॉप’ या शीर्षकाने प्रसिद्ध झाले. हे शीर्षक प्रकाशकांनी नंतर दिलेले आहे. त्यामुळे त्या रात्री वादक जणू जाणीवपूर्वक एका शैलीतून दुसरीत पाऊल टाकीत होते, असा आभास निर्माण होतो. श्रोत्याने असे शीर्षक इतिहासाचा पुरावा म्हणून स्वीकारू नये.

अमेरिकन वादक संघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी असहकार पुकारला. काही कंपन्यांनी १९४३ पासून तडजोड केली. तथापि व्हिक्टर व कोलंबिया या मोठ्या कंपन्यांशी समझोता होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. नव्या शैलीच्या घडणीचा काळ नेमका हाच होता. चार्ली पार्कर (१९२०–५५) व डिझी गिलेस्पी (१९१७–९३) हे दोघेही १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात होते. पण त्या वृंदाची तेव्हाची एकही व्यावसायिक ध्वनिमुद्रिका नाही. शिकागोतील एका हॉटेलच्या खोलीत बॉब रेडक्रॉस या त्यांच्या मित्राने फेब्रुवारी १९४३ मध्ये घेतलेली मुद्रणे ही पोकळी काही अंशी भरून काढतात. पार्कर त्यांत नेहमीच्या अल्टोऐवजी टेनर सॅक्सोफोन वाजवितो. आवाज अस्पष्ट असला, तरी पुढील दोन वर्षांत ध्वनिमुद्रिकांतून एकाएकी प्रकटल्यासारखी वाटणारी शैली मित्रांच्या बैठकीत आधीच आकार घेत होती, हे त्यांतून निर्विवाद दिसते.

रसिकाच्या निवडीचा प्रश्न तीव्रपणे उभा राहतो तो डीन बेनेडेटी (१९२२–५७) याच्या मुद्रणांच्या संदर्भात. स्वतः सॅक्सोफोनवादक असलेल्या बेनेडेटीने मार्च १९४७ मध्ये लॉस अँजेल्समधील ‘हाय-डी-हो’ क्लबात आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधील क्लबांत पार्करचे वादन टिपले. ही मुद्रणे तारेवर झाली, अशी दंतकथा दीर्घकाळ प्रचलित होती. वस्तुतः ती तबकड्यांवर व कागदी फितींवर झालेली आहेत. ती हरवली असावीत, असाच समज होता. अखेर १९९० मध्ये ‘मोझॅइक’ या संस्थेने ती प्रसिद्ध केली. बेनेडेटी प्रायः पार्करचे एकल वादन सुरू होताच यंत्र चालू करी व ते संपताच थांबवी. एकाच गीतावर वेगवेगळ्या रात्री पार्कर कोणते स्वरसमूह पुन्हा योजतो व कोणते टाळतो, हे या तुकड्यांवरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशावरूनही होत नाही. त्याच्या उत्स्फूर्ततेमागील अभ्यस्त शब्दसंग्रह येथे उघड होतो आणि क्षणात केलेल्या निवडीचे तेजही जाणवते.

मात्र या एकनिष्ठेची किंमत मोठी आहे. हॉवर्ड मॅघीचे ट्रंपेट व हॅम्प्टन हॉजचा पियानो यांची स्वतंत्र वादने बहुतांशी गळून पडली. पार्कर कोणत्या सुरावटीला उत्तर देत होता, हे त्यामुळे कळेनासे होते. जॅझ हा वादकांमधील संवाद आहे. त्यातील एकाचीच वाक्ये राखली, तर संवादाचे स्वगत होते. एकाकी प्रतिभावंताची प्रतिमा जॅझ समीक्षेत रूढ होण्यास अशा निवडीनेही हातभार लावला आहे.

याच्या उलट उदाहरण ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) याच्या वाद्यवृंदाचे. जॅक टॉवर्स व डिक बरिस या दोन तरुणांनी ७ नोव्हेंबर १९४० रोजी नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथील ‘क्रिस्टल बॉलरूम’मध्ये परवानगी घेऊन या वाद्यवृंदाची नृत्यरात्र मुद्रित केली. सोळा इंची तबकड्या वापरल्यामुळे त्यांना दीर्घ वादन सलग टिपता आले. गीतांमधील विराम, श्रोत्यांची कुजबुज, वृंदात नुकताच आलेला रे नॅन्स, जिमी ब्लँटनचा डबल बेस आणि ‘स्टार डस्ट’वरील बेन वेबस्टरचे रसरशीत टेनर वादन हे सर्व एकाच प्रवाहात ऐकू येते. नृत्यासाठी वाजविल्या जाणाऱ्या संगीतात किती सूक्ष्म कलात्मकता होती, हे येथे कळते. ही मुद्रणे १९७८ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली व १९८० मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार लाभला. खासगी ध्वनिमुद्रणांपैकी सर्वश्रेष्ठ कोणते, याचा निर्णय करताना दुर्मिळतेपेक्षा ही अखंडता अधिक मोलाची ठरते.

काळनिश्चितीच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक असते. थिलोनिअस मंक (१९१७–८२) व जॉन कोल्ट्रेन (१९२६–६७) यांनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात केलेल्या एकत्रित वादनाची ख्याती मोठी; पण त्या चौकडीची ध्वनिमुद्रणगृहात झालेली अवघी तीन मुद्रणे उपलब्ध होती. कोल्ट्रेनची पत्नी नाइमा हिने एका मायक्रोफोनवर त्याच क्लबात घेतलेली फीत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती १९५७ ची समजली गेली. पुढील संशोधनानुसार ती सप्टेंबर १९५८ मधील आहे. प्रत्यक्ष १९५७ मधील चौकडीचे उत्तम मुद्रण २००५ मध्ये काँग्रेस ग्रंथालयात सापडले; ते २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमात ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’साठी केलेले होते. दोन्ही फिती ऐकताना कोल्ट्रेनच्या शैलीतील वर्षभराचे अंतर स्पष्ट जाणवते. चुकीच्या तारखेमुळे हा विकासक्रमच झाकला गेला होता.

उत्स्फूर्त संगीताच्या ध्वनिमुद्रणाला तात्त्विक आक्षेपही घेतला गेला आहे. इंग्लिश संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू (१९३६–८१) याच्या मते उत्स्फूर्त वादन त्या स्थळाशी व प्रसंगाशी इतके निगडित असते, की फितीवर त्याचे कलेवरच उरते. या आक्षेपात तथ्य आहे. शंभर वेळा ऐकलेले एकल वादन श्रोत्याच्या मनात पक्की रचना बनते आणि त्यातील अनिश्चितता, म्हणजेच त्याचा जीव, हरपतो. परंतु गिटारवादक डेरेक बेली (१९३०–२००५) याने याच मुक्त वादनासाठी १९७० मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह ‘इन्कस’ ही ध्वनिमुद्रिका संस्था काढली, हेही विसरता येत नाही. ज्या संगीताला प्रत्यक्ष श्रोते मोजकेच, त्याला दूरच्या रसिकापर्यंत नेणारे दुसरे साधन नव्हते.

हक्कांचा प्रश्न अधिक अवघड आहे. अनेक मुद्रणे वादकाच्या संमतीविना झाली व त्यांच्या विक्रीतून वादकांना वा त्यांच्या वारसांना पुष्कळदा काहीच मिळाले नाही. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळू लागले. तत्पूर्वीच्या मुद्रणांबाबतची संदिग्धता २०१८ च्या कायद्याने बरीच कमी केली. रसिकांमधील विनामूल्य देवघेव व चोरट्या मुद्रिकांचा व्यापार यांत भेद करणे न्याय्य आहे. परंतु पहिलीतूनच दुसऱ्याला माल मिळत आला, हे नाकारता येत नाही.

या धडपडीचे मोल जेथे ती झाली नाही तेथे विशेष जाणवते. मुंबईतील हॉटेलांत अनेक दशके जॅझ वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकांपैकी बऱ्याच जणांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही काम केले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियु शाव्हियेर व्हाझ, १९१६–६७) याच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि सी. रामचंद्र यांच्या संगीतात त्याचा वाटा ऐकू येतो. परंतु रात्रीच्या मैफलींत या वादकांनी केलेला मुक्त विस्तार फारच थोडा टिकला. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकांनी खासगी बैठकींच्या फिती जशा आस्थेने जपल्या, तशी आस्था या संगीताच्या वाट्याला आली नाही. त्याचे मूल्यमापन त्यामुळे आठवणी, छायाचित्रे व चित्रपटगीतांतील क्षणिक तुकडे यांवरच करावे लागते.